मेजाचे रूपक आणि शॉर्टकटचे स्वरूप: 'बम्पटॉप'च्या निमित्ताने

संगणकाच्या पडद्यावरील फाइली व शॉर्टकट यांची त्रिमिती मांडणी करणारी 'बम्पटॉप' ही रचना कॅनडातील टोरांटो विद्यापीठात आनंद अगरवाला यांच्या पदव्युत्तर संशोधनातून जन्माला आली. रविन बालकृष्णन हे या कामातील त्यांचे मार्गदर्शक. २००६ साली माँट्रियल येथे भरलेल्या मानव-संगणक-संबंधविषयक परिषदेत या दोघांनी तिचे विवेचन करणारा निबंध सादर केला. २००९ साली ती विंडोजवर सर्वांसाठी खुली झाली, २०१० च्या आरंभी मॅकसाठीही निघाली आणि त्याच वर्षी गूगलने ती विकत घेतल्यावर तिची विक्री थांबली. व्यवहारातले तिचे आयुष्य असे जेमतेम वर्षभराचे आहे. व्यापाराच्या अंगाने या आयुष्याचा हिशेब कसाही लागो. तिच्यामागे चिन्हांविषयी जी एक निश्चित भूमिका उभी आहे ती स्वतंत्रपणे तपासण्याजोगी आहे. ही भूमिका थोडक्यात अशी: पडद्यावरील चिन्हे जितकी वस्तूंसारखी वागतील तितकी ती माणसाला हाताळण्यास सोपी जातील. हे गृहीतक दिसते तितके निरुपद्रवी नाही. शॉर्टकट या एका चिन्हप्रकारापुरते तर ते उलटेच ठरते.

प्रथम रचनेचे स्वरूप पाहिले पाहिजे. नेहमीच्या पडद्यावर चित्रचिन्हे सपाट पार्श्वभूमीवर ओळीने चिकटविलेली असतात. बम्पटॉपमध्ये त्या जागी एक खोली दिसते. तिला जमीन आहे आणि भोवती भिंती आहेत. पाहणारा किंचित वरून, तिरप्या नजरेने आत पाहतो. चित्रचिन्हे जमिनीवर पातळ तबकड्यांसारखी पडलेली असतात. त्यांना वस्तुमान आहे. एक ढकलली तर ती दुसरीवर आदळते आणि दुसरी सरकते. नावातला 'बम्प' तो हाच. एखादी भिरकावली तर ती घसरत जाऊन भिंतीपाशी थांबते. अनेक चिन्हांभोवती लेखणीने वेढा काढला की त्यांची चळत रचता येते, आणि ही चळत पत्त्यांसारखी पसरून, जाळीत मांडून किंवा पानापानाने चाळून पाहता येते. कागदाचा कोपरा दुमडता येतो, त्याचा बोळा करता येतो, तो भिंतीवर टाचता येतो. महत्त्वाची वस्तू आकाराने मोठी करता येते आणि मोठी केलेली वस्तू जडही होते. खोलीचे रूप बदलण्याची, जमीन व भिंती यांवर आपल्या पसंतीची चित्रे घालण्याची सोय पुढे बाजारात आलेल्या आवृत्तीत होती. हे सर्व पाहताना मनाला जो आनंद होतो तो खरा आहे, आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. पण आनंदाचे कारण आणि उपयोगाचे कारण एकच असेल असे मात्र नव्हे.

या रचनेचा वंश मेजाच्या रूपकापर्यंत जातो. डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाला सादर केलेल्या 'पिग्मॅलियन' या प्रबंधात पडद्यावरील चित्राला 'आयकॉन' हे नाव दिले, आणि पुढे १९८१ साली झेरॉक्स कंपनीने बाजारात आणलेल्या 'स्टार' या यंत्रात त्यांच्यासह इतरांनी कार्यालयातील मेज, कागद, फोल्डर, आलेल्या व जाणाऱ्या टपालाच्या टोपल्या असे सारे विश्व चित्ररूपाने मांडले. ॲपलच्या 'लिसा' (१९८३) व 'मॅकिन्टॉश' (१९८४) या यंत्रांनी ते घराघरात नेले आणि विंडोज ९५ ने ते सार्वत्रिक केले. येथवर सर्वांना ठाऊक असलेला इतिहास आहे. या रूपकाचे पुढे काय झाले हा त्यापुढचा प्रश्न, आणि तेथे आपल्याकडील शब्दशक्तिविचार उपयोगी पडतो.

मम्मटाने लक्षणेला तीन अटी घातल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे, लक्ष्य अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे, आणि या उडीला एकतर रूढीचा आधार हवा किंवा काही प्रयोजन हवे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले म्हणजे वस्ती काठावर आहे हे ऐकणारा जाणतो. पण 'काठावर' असे न म्हणता 'गंगेवर' म्हणण्याने शीतलता व पावित्र्य यांची जी जाणीव होते ते प्रयोजन. 'कुशल' या शब्दात तसे काही उरलेले नाही. दर्भ निवडून आणणारा हा व्युत्पत्तीचा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. म्हणूनच विश्वनाथाने या दुसऱ्या उदाहरणाला लक्षणा म्हणण्यासच हरकत घेतली: शब्द कसा बनला याचे कारण वेगळे आणि तो कसा वापरला जातो याचे कारण वेगळे. मेजाच्या रूपकाच्या इतिहासात नेमका हाच प्रवास घडलेला आहे. स्टारच्या निर्मात्यांपाशी प्रयोजन होते. संगणक ज्याने कधी पाहिला नाही अशा कार्यालयीन माणसाला त्याच्या ओळखीच्या वस्तूंच्या आधाराने यंत्राजवळ आणायचे होते. माणूस एकदा जवळ आला, त्याची मुले यंत्राबरोबरच वाढली, आणि प्रयोजन संपून रूढी उरली. आज फोल्डर उघडणाऱ्या विद्यार्थ्याने पुठ्ठ्याचे फोल्डर हातात धरले असेलच असे नाही. त्याच्या दृष्टीने 'डेस्कटॉप' हा शब्द 'कुशल' झालेला आहे.

मराठी भाषकाच्या बाबतीत तर मधली पायरीही नव्हती. इंग्रजी भाषकाला 'डेस्कटॉप' या शब्दाचे दोन अवयव निदान ऐकू येतात. मराठीत तो अखंड, अवयवरहित शब्द म्हणून आला. संगणक सुरू केल्यावर प्रथम दिसते ते, किंवा मांडीवर न मावणारा संगणक, एवढेच त्याचे मराठीतले अर्थ. मेजाचा पृष्ठभाग असा अर्थ मराठी बोलणाऱ्याला सांगावा लागतो, आणि सांगितल्यावर त्याला गंमत वाटते. शिवाय मेज हे आपल्या कागदपत्रांच्या व्यवहाराचे मूळ स्थानही नव्हे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. 'दप्तर' या शब्दाचाच प्रवास पाहण्यासारखा आहे. ग्रीकमधील कमावलेल्या कातड्याचा वाचक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला, आणि येथे त्याने नोंदवही, नोंदींचा संग्रह, तो संग्रह जेथे ठेवला जातो ती कचेरी आणि शेवटी शाळकरी मुलाची पिशवी इतके अर्थ धारण केले. तोंड पुसण्याचे फडके या अर्थाचा 'रुमाल' कागदांचा गठ्ठा झाला, तोही असाच. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर बोलणाऱ्याला मूळ वस्तूकडे परत जावे लागले नाही. जमिनीवर बैठक घालून, भोवती कागदांचे गठ्ठे मांडून काम करणाऱ्या जुन्या कारकुनाला बम्पटॉपची खोली मेजापेक्षा अधिक ओळखीची वाटली असती, ही गोष्ट वेगळी. आणि ती अगदीच आडवळणाची नाही. कारण बम्पटॉपने नाव मेजाचे ठेवून चित्र मात्र खोलीचे काढले आहे. मेजाला भिंती नसतात. रूपकाची ही मूक अदलाबदल का करावी लागली याचे उत्तर साधे आहे: भिरकावलेली वस्तू कोठेतरी थांबली पाहिजे, आणि मेजावरून ती खाली पडली असती.

थोडक्यात, बम्पटॉपने मृत झालेल्या रूपकाला पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न केला. भाषेत असे प्रयत्न कवी करतात आणि ते क्षणभर चमकतात. पण दिवसातून शंभरदा वापरायच्या शब्दाचे मूळ दर वेळी उघडे करून दाखविणे हा व्यवहारात अडथळा आहे. 'मला वेळ घालवायचा नाही' असे म्हणणाऱ्याला वेळ कोणत्या दारातून बाहेर घालवायचा असे विचारण्याचा हा प्रकार झाला.

तथापि या रचनेतील एक भाग असा आहे की ज्याच्यावर ही टीका लागू पडत नाही, आणि तो म्हणजे चळत. थॉमस मलोन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पण फलदायी अभ्यासात कार्यालयातील माणसे आपली मेजे कशी लावतात हे पाहिले. त्यांना दोन प्रकार आढळले. फाइली, म्हणजे नाव दिलेले आणि क्रमाने लावलेले गट. आणि ढीग, म्हणजे नाव नसलेले व आत क्रम नसलेले गट. ढीग हा आळसाचा पुरावा नव्हे, हे मलोन यांच्या विवेचनाचे मर्म होते. कागद कोणत्या वर्गात घालायचा हे ठरविणे हेच मुळात अवघड काम आहे. ढीग ते काम पुढे ढकलण्याची मुभा देतो. शिवाय डोळ्यांसमोरचा ढीग नुसता कागद सापडण्यासाठी नसतो, काम उरले आहे याची आठवण देण्यासाठीही असतो. १९९२ साली ॲपलमधील मँडर, सॅलोमन व वाँग यांनी पडद्यावर ढिगाची कल्पना मांडली. अगरवाला व बालकृष्णन यांनी ती प्रत्यक्ष हातात घेण्याजोगी केली.

भाषेच्या दृष्टीने येथे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. फोल्डर निर्माण करताना यंत्र प्रथम नाव विचारते. नाव सुचले नाही तर 'नवीन फोल्डर', मग 'नवीन फोल्डर २' अशी अर्थशून्य नावे पडद्यावर साचतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. फोल्डर हे सामान्यनाम आहे आणि सामान्यनामाला वर्गाची व्याख्या आधी लागते. चळतीला ती लागत नाही. ती दर्शक सर्वनामासारखी आहे: 'हे', 'ती सगळी', 'तिकडची'. माणूस विचार करताना वर्ग पाडण्याच्या आधी पुष्कळदा केवळ बोट दाखवितो, आणि त्या अवस्थेला पडद्यावर जागा मिळवून देणे हे बम्पटॉपचे खरे कर्तृत्व आहे. वस्तू मोठी करण्याची सोयही याच पंक्तीत बसते. ते एक विशेषण आहे, आणि त्यासाठी शब्द खर्ची पडत नाही. दुमडलेल्या कोपऱ्याबद्दलही तेच म्हणता येईल. बोळा करण्याच्या सोयीबद्दल मात्र म्हणता येणार नाही. टाकायचे नाही पण नकोही आहे, असा काहीसा भाव त्यातून व्यक्त होतो, आणि त्या भावाची गरज क्वचितच पडते.

आता शॉर्टकटकडे वळावे. येथे रचनेचे गृहीतकच पणाला लागते. शॉर्टकट म्हणजे काय? ती फाइल नव्हे, कार्यक्रमही नव्हे. अन्यत्र असलेल्या गोष्टीकडे दाखविणारी ती एक खूण आहे. युनिक्सच्या बर्कली येथील १९८३ च्या आवृत्तीत सांकेतिक दुवा या रूपाने ही कल्पना आली. १९९१ मध्ये मॅकिन्टॉशच्या 'सिस्टम ७' ने तिला पडद्यावर आणले, आणि विंडोज ९५ ने तिला 'शॉर्टकट' हे नाव दिले. ही खूण मूळ वस्तूहून वेगळी आहे हे दाखविण्यासाठी या प्रणालींनी जे उपाय योजले ते भाषाभ्यासकाला रोचक वाटतील. सिस्टम ७ ने नावाची अक्षरे तिरकी केली. विंडोज ९५ ने चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात वळणदार बाण काढला आणि वर नावाच्या आधी 'अमक्याचा शॉर्टकट' अशा अर्थाचे शब्दही जोडले. एकाने लिपीचा आधार घेतला, दुसऱ्याने निर्देशचिन्हाचा आणि पदबंधाचा, पण तिघांचे सांगणे एकच: हे नाम नव्हे, सर्वनाम आहे. चार्ल्स पर्स यांच्या वर्गीकरणात सांगायचे तर चित्र काहीही असो, शॉर्टकटचे चिन्हत्व साम्यावर आधारलेले नाही, निर्देशावर आधारलेले आहे. सर्वनामाचे सारे गुणदोष त्याच्यात आहेत. एकाच नामासाठी हवी तितकी सर्वनामे हव्या त्या वाक्यांत येऊ शकतात. नाम नाहीसे झाले तर सर्वनाम लोंबकळत राहते. मूळ फाइल पुसली गेल्यावर मागे राहिलेला शॉर्टकट दाबला असता यंत्र गोंधळते ते यामुळेच.

मराठी बोलण्यात 'शॉर्टकट'ला आडवाटेचा आणि थोडा चुकारपणाचा वास आहे. परीक्षेच्या संदर्भात तर तो शब्द दोषवाचकच होय. पडद्यावरच्या शॉर्टकटला हा वास लागत नाही; तेथे तो निमूटपणे पारिभाषिक झाला आहे. पण पारिभाषिक अर्थाची जाणीव किती उथळ असते याचे प्रत्यंतर नेहमी येते. प्रबंधाची प्रत म्हणून पेनड्राइव्हवर शॉर्टकट उचलून नेणारा आणि छपाईच्या दुकानात गेल्यावर रिकाम्या हाताने उभा राहणारा विद्यार्थी कोणत्याही विभागाला अपरिचित नाही. त्याने सर्वनामाला नाम समजण्याची चूक केलेली असते. याच्या उलट चूक करणारेही भेटतात. पडद्यावरचा शॉर्टकट टोपलीत टाकला तर कार्यक्रमच जाईल या भीतीने ते वर्षानुवर्षे काही काढून टाकीत नाहीत, आणि पडदा भरत जातो.

मांडणीच्या कोणत्याही नव्या पद्धतीने ही गल्लत कमी करावी अशी अपेक्षा असते. बम्पटॉपची दिशा नेमकी विरुद्ध आहे. तेथे शॉर्टकटला वस्तुमान मिळते. ते ढकलता येते, भिरकावता येते, भिंतीवर टाचता येते. जे जे गुण वस्तूचे म्हणून माणूस ओळखतो ते सर्व त्याला बहाल केल्यावर, ही वस्तू नव्हे असे सांगणारा एखादा लहानसा बाण काय करू शकणार? वस्तूचा पहिला नियम असा की ती एका वेळी एकाच ठिकाणी असते. शॉर्टकटचे तर सारे मोल याच्या उलट आहे. तोच शब्दकोश व्याकरणाच्या कामातही हवा आणि अनुवादाच्या कामातही हवा, म्हणून त्याचा एक शॉर्टकट इकडे आणि एक तिकडे ठेवायचा. भौतिक खोलीत असे दोन शब्दकोश दिसले तर ते दोन शब्दकोशच आहेत असे समजणे शहाणपणाचे ठरते. वजनाचेही तसेच. मोठे केलेले शॉर्टकट जड होते आणि लहानांना बाजूला सारते. पण महत्त्व मूळ कार्यक्रमाचे असते. त्याच्याकडे दाखविणारे बोट जाड झाले म्हणून कार्यक्रम जवळ येत नाही. फाइलींच्या बाबतीत बम्पटॉपचे वस्तुरूप निदान सुसह्य आहे, कारण फाइल ही काही अंशी वस्तूसारखी वागते: ती असते, हलते, नष्ट होते. शॉर्टकटच्या बाबतीत ते रूप दिशाभूल करणारे आहे.

रचनेच्या बाजूने असे म्हणता येईल, आणि ते म्हटले गेले पाहिजे, की तिच्या कर्त्यांनी वास्तवाची आंधळी नक्कल केलेली नाही. एका खुणेसरशी विखुरलेले कागद आपोआप चळतीत येऊन बसतात. खऱ्या खोलीत कागद असे करीत नाहीत. आकार वाढविणे तर कोणत्याच वास्तवात नाही. म्हणजे उपयुक्त ठरलेल्या सोयींपैकी बऱ्याचशा सोयी भौतिक नियम मोडून मिळाल्या आहेत. मग पाळलेल्या नियमांनी काय दिले, हा प्रश्न उरतोच. त्यांनी दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे टक्कर.

आणि टकरीने स्थानस्मृतीला धक्का बसतो. त्रिमिती मांडणीचे सर्वांत बलवान समर्थन स्मृतीच्या आधारे केले जाते. वस्तू कोठे ठेवली हे माणसाला लक्षात राहते, म्हणून जागा दिली की आठवण मिळते, असा हा युक्तिवाद आहे. त्याला प्रयोगाचा आधार आहे. मायक्रोसॉफ्टमधील जॉर्ज रॉबर्टसन, मेरी झर्विन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली 'डेटा माउंटन' ही रचना मांडली. तिच्यात १०० संकेतपृष्ठांची लहान चित्रे एका तिरप्या उतारावर हवी तशी ठेवायची होती. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोररमधील आवडत्या पृष्ठांच्या यादीच्या तुलनेत या उतारावरून पृष्ठे लवकर सापडली, आणि काही महिन्यांनी तीच माणसे परत बोलाविली असता त्यांची स्थानस्मृती बरीचशी शाबूत असल्याचे आढळले. पण या प्रयोगात यादी आणि उतार यांच्यात एकाहून अधिक भेद होते. उतारावर चित्रे होती, मोकळी मांडणी होती आणि खोलीचा आभासही होता. यांपैकी कशामुळे फरक पडला? न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील अँडी कोबर्न व ब्रूस मॅकेन्झी यांनी २००१ साली तीच मांडणी सपाट व तिरपी अशी दोन्ही प्रकारे करून पाहिली, तेव्हा कामाच्या वेगात अर्थपूर्ण अंतर पडले नाही. तरी वापरणाऱ्यांना मात्र त्रिमिती रूपच अधिक आवडले. २००२ साली त्यांनी पडद्यावरच्या रचनांबरोबर खरोखरीच्या, हाताने हाताळायच्या रचनाही तपासल्या, आणि तिसऱ्या मितीचे स्वातंत्र्य जसजसे वाढले तसतसे काम मंदावले. पडद्याबाहेरच्या खऱ्या खोलीनेही, म्हणजे ज्या वास्तवाच्या आधारावर सारा डोलारा उभा त्या वास्तवानेही, अपेक्षित साथ दिली नाही. त्रिमिती रचनांचे समर्थक हा शेवटचा निष्कर्ष फारसा उद्धृत करीत नाहीत याचे नवल वाटत नाही.

स्थानस्मृती मान्य केली तरी तिची एक अट आहे: स्थान स्थिर राहिले पाहिजे. प्राचीन ग्रीक व रोमन वक्त्यांच्या स्मरणकलेत भाषणाचे मुद्दे एका कल्पित वास्तूच्या दालनांत ठेवीत. पण एका दालनातला मुद्दा दुसऱ्यावर आदळून तिसरीकडे गेला, असे त्या वास्तूत कधी होत नसे. बम्पटॉपमध्ये एक कागद उचलताना चार सरकतात, आणि सरकलेल्या चारांना कोणी सरकविले नसल्यामुळे त्यांचे नवे स्थान कोणाच्या लक्षात राहत नाही. स्वतःच्या हाताने ठेवलेली जागा आठवते. धक्क्याने झालेली जागा आठवत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी त्रिमिती जागा हवी होती तो गुण त्या जागेला जिवंत करणाऱ्या भौतिकशास्त्रानेच कमी केला. कल्पनेतला हा अंतर्विरोध खोलीची चित्रे बदलून किंवा वेग वाढवून जाणारा नव्हता.

राहता राहिले नाव. विल्यम जोन्स व सुझन ड्यूमे यांनी १९८६ साली एक साधा प्रश्न विचारला होता: लेख परत शोधताना त्याची जागा अधिक उपयोगी पडते की त्याचे नाव? त्यांच्या प्रयोगात नावाची सरशी झाली. अगदी त्रोटक नावही नुसत्या जागेपेक्षा बरे ठरले, आणि नावाच्या जोडीला जागा दिल्याने फारसा लाभ झाला नाही. हा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे, म्हणूनच तो जपून घेतला पाहिजे. त्या प्रयोगातील जागा आणि डेटा माउंटनवरील जागा सारख्याच समृद्ध नव्हत्या. तरीही त्यामागील कारण सामान्य स्वरूपाचे आहे. नाव हे थोड्या ध्वनींच्या असंख्य जुळणींतून बनते, आणि म्हणून शंभर वस्तूंना शंभर स्पष्टपणे भिन्न नावे देता येतात. जागांचे तसे नाही. खोलीच्या डाव्या कोपऱ्यातली जागा आणि तिच्या जरा अलीकडची जागा यांत नेमकी सीमारेषा नसते. दहा शॉर्टकट जागेवरून ओळखता येतील; ऐंशी येणार नाहीत.

बम्पटॉपच्या तिरप्या दृष्टीने नावाचे आणखी एक नुकसान केले. पडद्यावरची खोली ही अखेर सपाट काचेवर काढलेले चित्र आहे. दूरची वस्तू त्या चित्रात लहान होते, आणि वस्तूचे चित्र लहान झाले तरी ओळखता येते, पण अक्षर एका मर्यादेखाली गेले की वाचताच येत नाही. त्यातही देवनागरीचा प्रश्न अधिक बिकट आहे. रोमन अक्षर बारीक झाले तरी त्याची बाह्यरेषा काही काळ टिकते. शिरोरेखेखाली एकत्र बांधलेली अक्षरे, त्यांच्यावरच्या मात्रा व अनुस्वार आणि खालचे उकार यांचे भेद लवकर बुजतात. 'संमती' आणि 'समिती' या नावांच्या दोन फाइली चळतीत अर्धवट झाकलेल्या असतील तर वाचणाऱ्याने काय करावे? चळत तर नावे झाकण्यासाठीच असते. दहा-बारा छायाचित्रांची चळत पसरून पाहणे सुखाचे आहे, कारण छायाचित्र स्वतःची ओळख स्वतः देते. एकसारख्या दिसणाऱ्या पंचवीस टिपणांची चळत हा केवळ ढीग आहे, आणि त्यातून हवे ते टिपण शोधताना प्रत्येकाचे नाव वाचण्यावाचून गत्यंतर नाही. या रचनेची प्रात्यक्षिके पाहताना छायाचित्रे नेहमी पुढे असतात, ही गोष्ट येथे आठवते.

रूप पालटण्याच्या सोयीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भिंतीला कोणता रंग असावा हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र प्रत्येकाची खोली प्रत्येकाच्या सवयीने लागली की ती खासगी बोली होते. एकाने भिंतीवर टाचलेले आणि कोपऱ्यात लोटलेले यांचा अर्थ दुसऱ्याला लागत नाही. विभागात एकच संगणक चारजण वापरतात तेथे फोल्डरचे रुक्ष नाव चौघांना समजते. कोपऱ्यातील मोठ्या केलेल्या तबकडीचा अर्थ तिच्या मालकालाच ठाऊक. एकट्याच्या वापरापुरते हे चालून जाते, आणि बम्पटॉप एकट्यासाठीच रचलेली होती हे लक्षात घेता हा दोष गंभीर धरण्याचे कारण नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. विंडोज व्हिस्टाने २००७ साली आणलेली, खिडक्यांची तिरपी रांग दाखविणारी सोय विंडोज ८ मध्ये, २०१२ साली, काढून टाकण्यात आली. हातातल्या फोनवर तर पडदा पुन्हा सपाट जाळीचाच झाला, आणि तेथील बहुतेक चित्रचिन्हे शॉर्टकटच्याच जातीची आहेत, तरी त्यांच्यावरचा बाण नाहीसा झाला. मूळ वस्तू दिसतच नसल्यामुळे सर्वनामाला नामापासून वेगळे दाखविण्याची गरज उरली नाही. चळत मात्र टिकली. ॲपलने २०१८ साली मॅकच्या 'मोहावे' या आवृत्तीत मेजावरील फाइली प्रकारानुसार आपोआप चळतीत बसविण्याची सोय दिली. त्या चळतींना वजन नाही, भिंती नाहीत, त्या एकमेकींवर आदळत नाहीत. प्रत्येक चळत पडद्याच्या कडेला आपल्या जागी स्थिर असते, आणि तिच्याखाली सरळ, वाचता येण्याजोग्या अक्षरांत तिचे नाव लिहिलेले असते. मलोन यांनी पाहिलेला नाव नसलेला ढीग तो हा नव्हे. ते नाव यंत्राने घातलेले आहे, मालकाने नव्हे. आणि 'प्रतिमा', 'दस्तऐवज' यांपलीकडे त्याला सहसा काही सांगता येत नाही.